स्क्रू घेण्याआधी बिट ठरवा: ठाणे-नवी मुंबईतल्या हौशी सुतारांसाठी

हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू मागताना आपण लांबी सांगतो, फार तर नंबर सांगतो. डोक्यावरची खाच कुठली हवी ते दुकानदार ठरवतो, आणि तो पुढे करतो तो त्याच्याकडचा सगळ्यांत खपाऊ माल: काळा, फिलिप्स खाचेचा ड्रायवॉल स्क्रू. हा स्क्रू जिप्सम बोर्डासाठी बनलेला. आपल्याकडे त्याच्यावर अख्खी स्वयंपाकघरं उभी राहतात. काम संपतं तेव्हा सगळं ठीक दिसतं. चार पावसाळे गेले आणि बिजागरी बदलायची वेळ आली, की बिट, म्हणजे मशीनचं पिळायचं टोक, खाचेत नुसतं गरगरतं, डोकं गुळगुळीत होतं आणि मिस्त्री पटाशी मागतो.

म्हणून क्रम उलटा करा. आधी कुठलं बिट वापरणार ते ठरवा, मग त्या बिटाला बसणारे स्क्रू शोधा. दोन, फार तर तीन बिटांवर घरातलं सगळं लाकूडकाम होतं. डझनभर प्रकारच्या खाचा घरात साठवल्या की हवं ते बिट ऐन वेळी सापडत नाही, आणि मग हाताशी असेल ते लावून काम रेटलं जातं.

खाचा ओळखा

चपटी खाच, दुकानाच्या भाषेत मायनस. डोक्यावर आरपार एकच चीर. जुन्या घरांच्या सागवानी दारांवर, पितळी कडी-कोयंड्यांवर हीच दिसते. मशीनला ती निरुपयोगी आहे. बिट बाजूला घसरतं आणि लाकडावर ओरखडा ओढतं. हाताने पिळायची असेल तर मात्र हिच्याइतकी देखणी खाच दुसरी नाही. स्क्रू ड्रायव्हरची पात खाचेच्या लांबीइतकी रुंद हवी आणि तळापर्यंत घट्ट बसेल इतकी जाड. बाजारातली पात तशी क्वचितच असते, कानशीने घासून तशी करून घ्यावी लागते. शेवटी सगळ्या खाचा एका रेषेत उभ्या आणणारे सुतार आता विरळा झालेत. पितळी बिजागरीवर ते काम कुठे दिसलं तर थांबून बघा.

फिलिप्स म्हणजे अधिकचं चिन्ह. अमेरिकेत हेन्री फिलिप्सने ही खाच १९३०च्या दशकात पुढे आणली आणि मोटारींच्या कारखान्यांनी ती उचलली, कारण मशीनचं टोक तिच्यात आपोआप मध्यावर बसतं. तिच्या बाजू आत निमुळत्या होत जातात. त्यामुळे पिळायचा जोर वाढला की बिट वर सरकतं आणि निसटतं. ते निसटू नये म्हणून मागून अंगाचा भार द्यावा लागतो. टेबलावर वाकून काम करताना हे जमतं. ओट्याखालच्या कपाटात खांद्यापर्यंत शिरून एका हाताने पिळताना जमत नाही.

पोझीड्राइव्ह ही फिलिप्सचीच १९६०च्या दशकातली सुधारणा. लांबून दोन्ही सारख्या दिसतात, पण पोझीच्या डोक्यावर मुख्य चार भुजांच्या मधोमध, ४५ अंशांवर, चार बारीक रेघा कोरलेल्या असतात. बिटावरही मोठ्या पात्यांच्या बेचक्यांत लहान कडा असतात. पोझीच्या बाजू जवळजवळ सरळ असल्याने बिट कमी निसटतं. घोळ होतो तो इथे: पीएच २, म्हणजे फिलिप्सचं दोन नंबरचं बिट, पोझीच्या खाचेत जातं, फिरतंही, पण ढिलं बसून हळूहळू कडा खातं. उलट पीझेड २, म्हणजे पोझीचं दोन नंबरचं बिट, फिलिप्सच्या खाचेत तळापर्यंत पोचतच नाही. ब्लम कंपनीसारख्या युरोपीय पद्धतीच्या कपाट-बिजागऱ्यांवर दार वर-खाली, आत-बाहेर करायचे जे स्क्रू असतात ते बहुतेक पोझी २ चे असतात. आपल्याकडे ते सर्रास पीएच २ ने फिरवले जातात. दार तिरकं दिसतंय आणि स्क्रूची खाच मात्र झिजून गेलीय, अशी मॉड्युलर किचन या सवयीतूनच घडतात. पीझेड २ चं एक बिट शंभर रुपयांच्या आत येतं. या लेखातून एकच वस्तू घ्यायची असेल तर ती घ्या.

टॉर्क्स म्हणजे सहा पाकळ्यांची खाच. १९६७ मध्ये अमेरिकेत आली, आता कुणीही बनवतं. बाजू सरळ उभ्या, त्यामुळे बिट बाहेर ढकललं जात नाही आणि मागून फारसं दाबावं लागत नाही. मला विचाराल तर लाकूडकामाला याहून चांगली खाच नाही. एक सावधगिरी मात्र हवी. बिट निसटत नसल्याने मशीनचा सगळा जोर स्क्रूच्या मानेवर येतो आणि बारीक स्क्रू तुटतो, म्हणून मशीनचा क्लच, म्हणजे जोर मर्यादित करणारं आकड्यांचं कडं, खालच्या आकड्यावर ठेवूनच सुरुवात करायची.

कॅनडातल्या रॉबर्टसनची चौकोनी खाच १९०८ पासूनची. खाच किंचित निमुळती असल्याने स्क्रू बिटावर घट्ट बसतो, लोहचुंबक लागत नाही. परदेशी व्हिडिओ बघून तिचा मोह होतो. आपल्या दुकानांत ती जवळपास नाहीच, आणि पुढे दुरुस्तीला येणाऱ्या मिस्त्रीकडे तिचं बिट नसणार. सोडून द्या. ॲलन की लागणारी षट्कोनी खाच सुट्ट्या जोडणीच्या फर्निचरमध्ये आणि काही कन्फर्मॅट, म्हणजे बोर्ड जोडायच्या जाड स्क्रूंवर असते. त्या सामानासोबत किल्ली येतेच.

कुठल्या कामाला काय

प्रश्न एकच विचारा: हा स्क्रू पुन्हा उघडावा लागेल का? कपाटाची पाठ, आतल्या पट्ट्या, सनमायकाखाली कायमचा गाडला जाणारा सांगाडा इथे फिलिप्स चालेल. तिथे टॉर्क्ससाठी जादा पैसे घालण्यात अर्थ नाही. बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनेल, हँडल आणि भिंतीवरच्या कपाटाला धरणारी पट्टी इथे पोझी किंवा टॉर्क्स. बाल्कनीतला बाक, पलंगाची जोडणी, घर बदलताना खोलून न्यायचं काहीही असेल तर टॉर्क्सच. मुख्य दाराची सागवानी चौकट आणि पितळी सामान असेल तर चपटी खाच, हाताने.

चॅनेलसाठी एक वेगळी गोष्ट बघावी लागते. टेलिस्कोपिक चॅनेलच्या आत स्क्रूचं डोकं थोडं जरी वर राहिलं तरी आतली पट्टी त्याला घासते आणि ड्रॉवर अडखळतो. तिथे खाचेइतकंच डोकं महत्त्वाचं: चॅनेलच्या भोकात पूर्ण बुडणारं, म्हणजे दुकानदाराचं सीएसके, किंवा अगदी चपटं पॅन हेड.

ड्रायवॉल स्क्रूबद्दल माझं मत आधीच उघड झालंय, कारणही सांगतो. तो कडक केलेल्या पोलादाचा असतो. टोक धारदार, आटे खोल, प्लायमध्ये भोक न पाडता शिरतो. म्हणूनच मिस्त्रींना आवडतो. पण कडक पोलाद वाकत नाही, तुटतं. जड दाराचा भार आडवा आला की डोकं टचकन उडतं आणि खालचा तुकडा आतच राहतो. वर मुलामा म्हणून काळा फॉस्फेटचा पातळ थर, जो ओलाव्यापुढे फार टिकत नाही. बिजागरीला तो लावू नका. त्याच मापाचा पिवळ्या झिंक मुलाम्याचा चिपबोर्ड स्क्रू थोडा महाग पडतो, पण बहुधा पोझी खाचेत मिळतो आणि आटे डोक्यापर्यंत असल्याने पार्टिकल बोर्डातही धरून राहतो.

खाडीकाठचा ओलावा

ऐरोली, वाशी, नेरुळ, ठाण्यात कोलशेत किंवा चेंदणी, कुठेही राहा, खाडीची खारी हवा आणि जून ते सप्टेंबरचा दमटपणा आहेच. कोरड्या खोलीतल्या कपाटाला झिंक पुरतं. सिंकखाली, बाथरूममध्ये आणि बाल्कनीत स्टेनलेस घ्या.

नुसतं ‘एसएस’ म्हणून भागत नाही. ३०४ प्रतीचं घरकामाला उत्तम. ३१६ खाऱ्या पाण्यातही चांगलं टिकतं, पण महाग. बाजारात २०२ प्रतीचाही माल असतो, दिसायला तसाच, गंजायला लवकर. लोहचुंबकाने ३०४ आणि २०२ वेगळे ओळखता येत नाहीत, आणि थंड अवस्थेत घडवल्यामुळे अस्सल ३०४ चा स्क्रूही थोडासा चिकटू शकतो. त्यामुळे डब्यावर प्रत छापलेली हवी आणि पक्क्या बिलावर ती लिहिलेली हवी. डोक्यावर ‘ए२’ कोरलेलं असेल तर ते ३०४ च्या जवळचं, ‘ए४’ म्हणजे ३१६ च्या. स्टेनलेस कडक पोलादापेक्षा मऊ असतं. सागात किंवा बाभळीत भोक न पाडता पिळलं तर खाच झिजते किंवा मान तुटते.

साग आणि बाभूळ यांच्यातली द्रव्यं ओलाव्यात लोखंडाशी संयोग पावून काळे डाग पाडतात. उघड्या लाकडावर पॉलिश राहणार असेल तर तिथे स्टेनलेस किंवा पितळ. पितळ फारच मऊ. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळून आटे पाडून घ्यायचे, तो काढून त्या जागी पितळी बसवायचा.

माप कसं मागायचं

इथे तीन पद्धती एकत्र नांदतात. जुना सुतार ‘आठ नंबर दीड इंची’ म्हणतो. देशी डब्यावर ‘३५ × ८’ असतं, म्हणजे लांबी ३५ मिलिमीटर आणि जाडी ८ नंबर. आयात मालाच्या किंवा टॉर्क्सच्या डब्यावर ‘४ × ४०’ असतं, आणि तिथे क्रम उलटा: जाडी ४ मिलिमीटर, लांबी ४०. नंबरांचं मिलिमीटरमध्ये रूपांतर लक्षात ठेवा: ६ नंबर साधारण ३.५, ८ नंबर ४.२, १० नंबर ४.८.

लांबीचा हिशेब असा. स्क्रूचा निदान अर्धा, शक्यतो दोन तृतीयांश भाग मागच्या लाकडात जायला हवा. १८ मिलिमीटरचा प्लाय दुसऱ्या प्लायच्या कडेत जोडायचा तर ५० मिलिमीटर, कारण १८ पुढच्यात संपतात आणि ३२ मागे उरतात. बिजागरीचा पत्रा १८ च्या प्लायवर बसवायचा तर १६, नाहीतर टोक पलीकडे सनमायका फोडून बाहेर येईल.

बिटाचा आकारही याच वेळी ठरतो. फिलिप्समध्ये ४ नंबरपर्यंत पीएच १, ६ आणि ८ नंबरला पीएच २, १० पासून पुढे पीएच ३. पोझीमध्ये ३.५ ते ५ मिलिमीटरला पीझेड २, त्यावर पीझेड ३. टॉर्क्समध्ये ४ आणि ४.५ ला बहुधा टी २०, ५ ला टी २० किंवा टी २५, ६ ला टी ३०. कंपनीगणिक फरक पडतो, डब्यावर असतं ते वाचा.

किती घ्यायचे? चार दारांचं कपाट, प्रत्येक दाराला तीन बिजागऱ्या, प्रत्येक बिजागरीला दारातल्या वाटीकडे दोन आणि कपाटाच्या बाजूवरच्या पत्र्याकडे दोन स्क्रू: ४८ झाले. शंभराचा डबा घ्या. सुटे मोजून घेतले की तीन वेगळ्या कंपन्यांचे हातात येतात, आणि तीन वेगळ्या खाचाही.

कुठे मिळतात

नाक्यावरच्या दुकानात काळे ड्रायवॉल, झिंकचे फिलिप्स आणि लाकडाचे चपट्या खाचेचे जुने स्क्रू मिळतील. ६५ मिलिमीटरचं दोन्ही बाजूंनी पीएच २ असलेलं बिटही. घाईच्या कामाला तेवढं पुरतं. ठाण्यात जांभळी नाका आणि स्टेशनकडच्या जुन्या बाजारपेठेतल्या दुकानांत पितळी सामान आणि चपट्या खाचेचे स्क्रू मिळण्याची शक्यता जास्त. तिथले जुने दुकानदार अजून नंबर आणि इंचातच बोलतात.

पोझीसाठी हार्डवेअरच्या दुकानापेक्षा मॉड्युलर किचनचं फिटिंग विकणाऱ्याकडे जा. बिजागऱ्यांसोबत तो पोझीचे चिपबोर्ड स्क्रू आणि कन्फर्मॅट ठेवतोच. मात्र ‘स्टार’ हा शब्द वापरू नका. आपल्या दुकानांत स्टार म्हणजे फिलिप्स. टॉर्क्स हवा तर टॉर्क्सच म्हणा, सोबत खिशातलं टी २० चं बिट काउंटरवर ठेवा.

टॉर्क्स आणि खात्रीच्या स्टेनलेससाठी औद्योगिक पुरवठादार बरे. ठाण्यात वागळे इस्टेट, खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा रबाळे-महापे-तुर्भे पट्टा. ही मंडळी कारखान्यांना माल देतात, त्यामुळे प्रत विचारली की नीट उत्तर मिळतं. अडचण एवढीच, की मशीन स्क्रूंचा साठा भरपूर आणि लाकडाच्या स्क्रूंचा बेताचा. जाण्याआधी फोन करा, पूर्ण माप सांगा, आणि किरकोळ देणार का तेही विचारा.

एकाच वेळी बरंच काही लागणार असेल तर मुंबईत नागदेवी स्ट्रीट. ठाण्याहून धीमी लोकल, नवी मुंबईहून हार्बर, दोन्ही मशीद स्टेशनला थांबतात, तिथून चालत. रविवारी जाऊ नका. गल्लीत दुकानागणिक माल वेगळा: कुणाकडे फक्त स्टेनलेस, कुणाकडे फक्त बिटं. पहिल्याच दुकानात डबा उचलू नका, चार ठिकाणी भाव आणि माल बघा. ऑनलाइन मागवायचं असेल तर टॉर्क्सपुरतं ठीक, पण फोटोत खाच नीट दिसत नसेल आणि वर्णनात बिटाचा आकार दिलेला नसेल तर तो माल नको.

काउंटरवरची तपासणी

दुकानात जाताना पीएच २, पीझेड २ आणि टी २० ही आपली बिटं बरोबर ठेवा. डब्यातून चार-पाच स्क्रू काढा. स्क्रू बिटावर चढवा, बिट आडवं धरा, लोहचुंबक न लावता. चांगली खाच असेल तर स्क्रू टिकतो किंवा जेमतेम झुकतो. लगेच पडला किंवा खडखड हलला तर खाच उथळ आहे किंवा जोडी चुकलीय. मग काचेच्या काउंटरवर स्क्रू लोळवा, वाकडा असेल तर डोलेल. टोक नखावर टेकवून बघा, बोथट टोक लाकडात शिरताना भटकतं. खाच डोक्याच्या मध्यावर आहे का तेही बघून घ्या. स्वस्त मालात ती एका बाजूला सरकलेली असते. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू दे.

बिट घेताना सर्वांत स्वस्त पाकीट टाळा. मऊ बिटाच्या कडा गोल झाल्या की ते नवे कोरे स्क्रू खाऊ लागतं, आणि दोष स्क्रूला जातो. ‘एस २’ पोलादाचं लिहिलेलं घ्या, झिजलं की फेका.

भोक आणि पिळणं

आपले बरेच मिस्त्री स्क्रू हातोडीने अर्ध्याहून जास्त ठोकतात आणि शेवटचे दोन फेरे पिळतात. असा स्क्रू म्हणजे फक्त खिळा. आट्यांनी लाकडात स्वतःची वाट कापायची असते. ठोकल्यावर लाकडाचे धागे फाटतात आणि पकड जाते. घरी काम चालू असेल तर या एका बाबतीत शांतपणे पण ठामपणे नाही म्हणा.

भोकं दोन पाडायची. पुढच्या लाकडात स्क्रू मोकळा सरकेल असं मोठं, मागच्यात आटे धरतील असं लहान. पुढचं भोक लहान राहिलं तर आटे दोन्ही लाकडांत रुततात आणि मधली फट तशीच राहते, मग कितीही पिळा.

– ६ नंबर: पुढे ४, मागे सागात २.५, मऊ लाकडात २ मिलिमीटर
– ८ नंबर: पुढे ४.५, मागे सागात ३, मऊ लाकडात २.५
– १० नंबर: पुढे ५, मागे सागात ३.५, मऊ लाकडात ३

७ × ५० च्या कन्फर्मॅटला पुढे ७ आणि मागे ५. प्लायच्या कडेत आणि एमडीएफच्या कडेत भोक न पाडता कधीच पिळू नका, थर सुटतात.

आट्यांवर मेणबत्ती घासा. साबणही लावतात, पण तो ओलावा धरतो आणि आपल्या हवेत ओलाव्याला आमंत्रण नको. बिट स्क्रूच्या रेषेत सरळ धरा, मशीन हळू सुरू करा, क्लच कमी आकड्यापासून वाढवत न्या. शेवटचा पाव फेरा हाताने. बिजागरीच्या वाटीचे स्क्रू तर पूर्णच हाताने.

डोकं खाल्लेला स्क्रू

आधी बिट बघा. पीएच २ ने फिरत नसेल आणि डोक्यावर ४५ अंशांच्या रेघा दिसत असतील तर पीझेड २ लावून बघा; बरेच ‘गेलेले’ स्क्रू इथेच निघतात. नसेल निघत तर खाचेतली भुकटी, पॉलिश, रंग टाचणीने खरवडून काढा आणि बिटावर हातोडीचा हलका ठोका देऊन ते तळापर्यंत बसवा. मशीनऐवजी जाड मुठीचा स्क्रू ड्रायव्हर घ्या, सगळा भार पुढे द्या, आधी किंचित घट्ट करून मग उलटं फिरवा. डोकं वर आलेलं असेल तर पक्कड. काहीच जमलं नाही तर डोक्याच्या मध्यावर स्क्रूच्या दांड्याइतक्या जाडीचं ड्रिल चालवून डोकं उडवा, पत्रा काढा आणि उरलेला दांडा पकडीने पिळून बाहेर काढा.

रिकाम्या झालेल्या ढिल्या भोकात सागाची बारीक काडी फेव्हिकॉल लावून ठोका, रात्रभर वाळू द्या, वरची काडी पटाशीने सपाट कापा आणि नवं भोक पाडून मगच नवा स्क्रू लावा.